गुडघ्याखालची उशी

मास्तरांना माणसं तोंडावरून ओळखता येत नसत. बारा वर्षं शेजारी राहिले, पण मी नदीवरून धुण्याची बादली घेऊन समोरून आले की परकी बाई दिसल्यासारखे बाजूला सरकायचे. मी पुढं गेले की मागून हाक यायची, "बाई, डावा पाय राखून चालताय. काटा मोडलाय का?" तेव्हा कुठं ओळख पटलेली असायची. बाजाराच्या दिवशी ते दारात स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसायचे. लोकांना वाटायचं, ह्याचा डोळा चपलांवर आहे. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या, "अगं, मला बघायला आले तेव्हा ह्यांनी मान वर केलीच नाही. आई म्हणाली, किती लाजरा मुलगा! कसला लाजरा? माझ्या टाचा बघत होते."

भोरमध्ये त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोलिओच्या पोरांचे हातपाय हलते करायला शिकून आलेला माणूस. त्या विद्येचं इंग्रजी नाव आमच्या कुणाच्या जिभेवर बसेना. डॉक्टर म्हटलं की म्हणायचे, "मी डॉक्टर नाही." मालिशवाले म्हटलं की भडकायचे. "मालिश न्हावी करतो, आणि माझ्यापेक्षा चांगली करतो!" मग म्हणायचं तरी काय? सकाळपासून त्यांच्या खोलीतून "वर! धरा! सोडा!" असं ऐकू यायचं, शाळेतल्या कवायतीसारखं. म्हणून मी मास्तर म्हणायला लागले आणि पुढं गावानंही तेच धरलं.

ते आमच्या शेजारी आले ते उंबऱ्यापायी. आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, आमची वस्ती गावाच्या कडेला. वस्तीच्या तोंडाशी कुणा कंत्राटदारानं सिमेंट ठेवायला दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या होत्या, त्यांना उंबरा नव्हता. मास्तरांनी आधी पेठेतल्या सगळ्या रिकाम्या जागा पाहिल्या. प्रत्येक दाराला वीतभर उंबरा. "ज्याला पाय उचलता येत नाही तो माणूस आत कसा येणार?" असं घरमालकाला विचारायचं आणि चालायला लागायचं. शेवटी ही गोदामं त्यांना पसंत पडली. पेठेतल्या त्यांच्या जातभाईंनी समजावलं, अहो तिथं कुठं, ती वस्ती कुणाची आहे ठाऊक आहे ना? मास्तर म्हणाले, "उंबरा नाही, एवढं बघितलं मी." फार थोर मनाचा माणूस होता म्हणून नव्हे हो. बाकीचं त्यांना खरंच दिसलं नव्हतं.

वहिनींना मात्र दिसलं होतं, आणि तरी त्या आल्या. पहिल्याच दिवशी, सामान अजून बाहेरच होतं, मी मशीनवर बसले होते, तर दारात येऊन म्हणाल्या, "पाणी देतेस का गं?" मी तांब्या घ्यायला गेले आणि माझा हात तिथंच थांबला. त्यांनी पुढं होऊन तो स्वतः उचलला, तोंड लावून प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "ब्लाउज शिवतेस? मला बाही घट्ट चालत नाही." तोवर पेठेतल्या कुठल्या बाईनं माझ्या घरचं पाणी प्यायल्याचं मला ठाऊक नव्हतं. हे मुद्दाम सांगते आहे. पुढं जे झालं त्यात हा तांब्याही आहे.

मास्तरांचं शिवणकाम सगळं माझ्याकडे. कमरेचे पट्टे, हात अडकवायच्या झोळ्या, आणि मुख्य म्हणजे वाळूच्या पिशव्या. जाड मांजरपाटाची पिशवी शिवायची, तिच्यात नदीची वाळू चाळून भरायची आणि तोंड दुहेरी शिवून टाकायचं. अशा दोन पिशव्या पायाच्या दोन्ही अंगांना आणि एक गुडघ्यावर. म्हणजे आखडणारा पाय सरळ राहतो. मी किती शिवल्या असतील त्याला गणती नाही. वाळूनं माझ्या मशीनची सुई आठवड्याला मोडायची आणि मास्तर म्हणायचे, "मोडू दे. माणूस मोडण्यापेक्षा बरं."

त्यांची दोन वाक्यं सगळ्या भोरला पाठ होती. एक, "हात दिला की पाय गेला." त्यांच्या खोलीत कुणी पडलं तर त्याला हात द्यायचा नाही, असा दंडक. एकदा सारोळ्याचा एक दांडगा गडी, अंगावरून वारं गेलेला, मधोमध आडवा झाला. त्याचा भाऊ धावला तर मास्तर ओरडले, "खबरदार!" आणि स्वतः हात पाठीमागं बांधून उभे राहिले. तो गडी अर्धा तास जमिनीवर सरपटत होता, मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि शेवटी भिंत धरून उभा राहिला. मास्तर म्हणाले, "शिव्या द्यायला जोर आहे, म्हणजे उठायलाही होताच की."

दुसरं वाक्य, वाक्य कसलं, त्यांचे नऊ. पाय उचलून दहा अंक धरायला सांगायचे. आठपर्यंत भराभर मोजायचे आणि नवावर ठिय्या देऊन बसायचे. "नऊ... नऊ... अजून नऊ..." माणूस घामानं न्हायचा पण दहा काही यायचे नाहीत. आमच्या वस्तीतली पोरं लपंडाव खेळताना भांडायची, "ए, मास्तरांचे दहा नको, खरे मोज!" वहिनी हसून हसून बेजार व्हायच्या.

पण वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या गावांत विचाराल तर त्यांची ओळख एकच. उशा फेकणारा. ते नीट सांगते, नाहीतर कळायचं नाही. गुडघा ठणकायला लागला की माणूस तो वाकवतो. वाकवला की बरं वाटतं. मग घरची बाई मायेनं त्याखाली उशी सारते, उशी नसली तर वाकळेची घडी. दुखणाऱ्याला झोप लागते, बाईला बरं वाटतं, आणि चारसहा महिन्यांत गुडघा तसाच बसतो. मग दुखणं गेलं तरी पाय सरळ होत नाही. "पोलिओनं पांगळी झालेली पोरं मी पाहिली," मास्तर म्हणायचे, "आणि मायेनं पांगळी झालेली पण पाहिली. दुसरी जास्त."

आठवड्यातले चार दिवस ते सकाळच्या एस्टीनं तिकडं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. खांद्यावर दोरखंड, काखेत फळी. गाडी सोडली की पुढं पायी. कुणाच्या घरात शिरले की रामराम नाही, गुळपाणी नाही. थेट अंथरुणापाशी. पांघरूण उचललं, उशी ओढली, अंगणात आले की दिली छपरावर भिरकावून.

एकदा कमरेच्या पट्ट्याचं माप घ्यायचं म्हणून मला तिकडच्या पालीला नेलं होतं. तिथं एका म्हाताऱ्याचा गुडघा धरला होता. त्याची उशी छपरावर गेली तशी म्हातारी पदर खोचून पुढं आली. "आरं मुडद्या, माज्या मालकाची उशी कुठं टाकलीस? त्येला आराम पडतुया तिच्यानं!"

मास्तर खाली बसून म्हाताऱ्याचा गुडघा चाचपत होते. डोळे मिटलेले. म्हणाले, "रात्रभर असते. सकाळी काढता, आणि जेवणं झाली की परत सारता. पाच महिने झाले. दिवाळीत चारदोन दिवस काढली होती."

म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "दिवाळीला लेक आली हुती, तिला उशी दिली... तुला रं कुनी सांगितलं?"

"गुडघ्यानं," मास्तर म्हणाले.

खरंच, गुडघ्यावर हात ठेवला की त्या उशीची सगळी कुंडली ते सांगायचे. चकवता यायचं नाही. म्हातारी तरी आम्हाला ओढ्यापर्यंत शिव्या देत आली. "मुडदा बशिवला तुजा! मान्साला सुकानं पडू बी देईना!" ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. मी रस्ताभर हसत होते, आणि मास्तर माझ्या चपलेची झिजलेली टाच बघत चालले होते.

आणि त्यांच्या त्या रेघा! कागदावर ते काही लिहायचे नाहीत. पत्र्याचा एक कोनमापक होता, पोरांच्या कंपासपेटीत असतो तसाच, पण जेवणाच्या ताटाएवढा. तो गुडघ्याला लावून बघायचा आणि चुलीतला कोळसा घेऊन तेवढाच कोन भिंतीवर काढायचा. एक रेघ मांडीची, एक पोटरीची. पुढच्या खेपेला त्याच्याखाली दुसरा. "हे छप्पर मोडून सपाट झालं की चालायचं," असं सांगायचे. अक्षर न येणाऱ्यालाही कळायचं की आपण कुठं आहोत.

तिकडच्याच पासली गावची एक बाई होती. तिच्या सात वर्षांच्या पोरीचा पाय पोलिओनं लुळा पडला होता आणि वरून गुडघा आखडला होता. तिची उशी छपरावर गेली तेव्हा ती बाई एक शब्द बोलली नाही. शिडी लावून वर चढली, उशी खाली आणली आणि चुलीत घातली. म्हणाली, "आता मन झालं तरी ठिवता यायची न्हाई." पोर किंचाळायची आणि ती तिच्या गुडघ्यावर माझी वाळूची पिशवी ठेवून, पाठ फिरवून भात कांडायची. दीड वर्ष. मग मास्तरांनी भातखाचराच्या बांधावर दोन्ही अंगांना बांबू बांधले आणि पोर ते धरून चालली. त्या दिवशी मास्तर एस्टीतून उतरून घरी न जाता आधी माझ्या दारात आले. "बाई, अकरा पावलं," म्हणाले. "तुमची पिशवी." आणि निघून गेले. मी मेली वेडी, मशीनवर बसून रडले.

मग वहिनींचे गुडघे सुजले.

संधिवात. दोन्ही गुडघे कलिंगडासारखे, हात लावला तर चटका. मास्तरांनी मला बोलावून शांतपणे सगळं सांगितलं, जणू त्यांची बायको नव्हेच, वेल्ह्याचं कुणी आहे. "बाई, हे दुखणं येतं आणि जातं. वर्ष लागेल, दोन लागतील. पण जाईल. ते जाईल त्या दिवशी गुडघे सरळ असले तर ही चालेल. वाकलेले असले तर कधीच चालणार नाही. मधलं काही नाही." मग वहिनींना फळीवर निजवलं, माझ्या पिशव्या लावल्या आणि खाटेशेजारच्या भिंतीवर पहिली रेघ काढली. सुतासारखी सरळ. पहिल्या महिन्याच्या सगळ्या रेघा तशाच होत्या.

मास्तर वेल्ह्याला गेले की वहिनींपाशी बसायचं काम माझं. मी मशीनच उचलून त्यांच्या खोलीत आणलं होतं. सुरुवातीला आम्ही गप्पा मारायचो. मग गप्पा बंद झाल्या. मग एक दिवस त्या म्हणाल्या, "अगं, दहा मिनिटं. दहाच मिनिटं काहीतरी खाली दे. हाडात कुणी निखारे भरलेत."

"मास्तर रागावतील, वहिनी."

"त्यांना कोण सांगतंय? मी सांगणार नाही, तू सांगणार नाहीस." आणि माझा हात धरला. ह्या बाईनं माझ्याकडे आजवर काय मागितलं होतं? एकदा पाणी, आणि आता हे.

मी घरी जाऊन उशी आणली. सावरीचा कापूस मी स्वतः पिंजून भरला होता, अभ्र्यावर दोन राघू काढले होते. ती त्यांच्या गुडघ्यांखाली सारली आणि त्यांचं कपाळ जे निवळलं, ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. पाच मिनिटांत त्या झोपल्या. कित्येक दिवसांनी.

दहा मिनिटांचा तास झाला. तासाची दुपार झाली. पुढं पुढं मास्तरांची गाडी सुटली की मी उशी घेऊनच जायची आणि संध्याकाळी फाट्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला की काढायची, पिशव्या परत लावायची, चादर ताणायची. हे सात महिने.

मला माहीत नव्हतं असं कृपा करून कुणी म्हणू नका. पालीला मी होते. वाळूच्या पिशव्या मी शिवत होते. उशी म्हणजे काय हे भोरात मास्तरांच्या खालोखाल मला ठाऊक होतं. पण समोर माणूस कळवळतंय, हात जोडतंय, आणि तुमच्या घरात उशी आहे. पासलीच्या बाईनं चुलीत घातली. माझ्याच्यानं झालं नाही, बस्स.

भिंतीवरच्या रेघा वाकायला लागल्या. आधी जरा, मग जास्त. मास्तर दर रविवारी कोनमापक लावायचे, पुसून पुन्हा लावायचे, आणि कोळसा हातात धरून तसेच बसायचे. मुंबईच्या त्यांच्या जुन्या गुरूंना त्यांनी दोनदा पत्र घातलं. एकदा मला म्हणाले, "बाई, तुम्ही दिवसभर इथं असता. पिशव्या हलत नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले.

मग त्यांनी व्यायाम वाढवला. सकाळ-संध्याकाळ पाय धरून सरळ करायचे. वहिनी उशी तोंडात धरायच्या, माझी राघूंची नव्हे, त्यांची डोक्याची, आणि तरी आवाज यायचा. "नऊ," मास्तर म्हणायचे, आणि त्यांचाच आवाज फाटायचा, "नऊ... अजून नऊ..." वस्तीतली पोरं आता त्या नवावर हसायची नाहीत. मी घरी असले तर पोळ्या तशाच सोडून पलीकडच्या आळीत निघून जायची. त्या बाईला मी दिवसा आराम देत होते आणि त्याची भरपाई तिच्याकडून मास्तर घेत होते, मला न कळता नव्हे, कळून. वहिनींनी एकदाही माझं नाव घेतलं नाही.

श्रावणातली गोष्ट. ओढ्याला पाणी चढलं म्हणून एस्टी अर्ध्यातच अडकली, आणि मास्तर जेवणवेळेला दारात उभे. भोंगा वाजलाच नव्हता, ते गाडी तिथंच सोडून आडवाटेनं चालत आले होते. अंगातून पाणी गळतंय. वहिनी गाढ झोपलेल्या, गुडघे वर, खाली राघूंची उशी. मी काजं करत बसले होते, ती सुई तशीच हातात.

मला वाटलं, आता ही छपरावर जाणार. जावी असं वाटलं. मला झिंज्या धरून बाहेर काढतील, सगळ्या वस्तीपुढं बोलतील. मी त्याला तयार होते. मास्तर आले, खाली बसले आणि त्यांनी वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे मिटले. किती वेळ कुणास ठाऊक. मग डोळे न उघडता विचारलं, "रोज किती वेळ?"

आणि मी म्हणाले, "तासभर. दुपारचा फक्त."

त्यांचा हात तिथंच होता. मग म्हणाले, "तासाभरानं एवढं होत नाही." हात उचलला. "म्हणजे माझंच कुठंतरी चुकलं."

ते उठले आणि दारात स्टुलावर जाऊन बसले. पाऊस होता, रस्त्यावर बघायला एकही पाय नव्हता. मी सुटले असं मला वाटलं. हो, तसंच वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. माणूस किती हलकट असू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं आणि दुसऱ्या कुणाबद्दल नव्हे, माझ्याचबद्दल कळलं.

त्या रविवारी मास्तरांनी भिंतीवर रेघ काढली नाही. व्यायाम घ्यायला बसले, सातपर्यंत मोजलं आणि पाय हळूच खाली ठेवला. सोमवारी सकाळी माझ्या दारात आले. "बाई, ती राघूंची उशी द्या. दिवसभरासाठी." मी दिली. त्यांनी स्वतःच्या हातांनी ती वहिनींच्या गुडघ्यांखाली ठेवली, दोन्ही बाजूंनी दाबून नीट केली आणि पिशव्या खाटेखाली सारल्या. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

वेल्ह्याला जाणं आधी चार दिवसांचं दोनांवर आलं, मग बंदच. मी विचारलं तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं लोकांच्या उशा फेकू?" दोरखंडावर धुणं वाळू लागलं, फळीवर डबे बसले. तिकडून बायका कडेवर पोरं घेऊन यायच्या. मास्तर पोराच्या पायाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मला जमत नाही. घरी न्या." त्या बायका उन्हातून आलेल्या, परत उन्हातून जायच्या. किती पोरांचे गुडघे तसेच बसले असतील, ते मोजायची माझी हिंमत नाही.

आणि दोन वर्षांनी वहिनींचं दुखणं गेलं. मास्तर म्हणाले होते अगदी तसं. सूज उतरली, कढ गेला, रात्रीची झोप परत आली. बाई खडखडीत बरी झाली. गुडघे तेवढे भिंतीवरच्या शेवटच्या रेघेत बसलेले, छपरासारखे. मास्तरांनी एकदा, एकदाच, दोन्ही हातांनी ते सरळ करून बघितले. मग हात धुवायला बाहेर गेले. वाकलेल्या गुडघ्यांना निजताना टेकू हवा म्हणून माझी उशी तिथंच राहिली.

वहिनी बसल्या बसल्या सरकत चालायच्या. त्यांच्या दाराला उंबरा नव्हता म्हणून बाहेर येता यायचं. सरकत सरकत माझ्या दारापर्यंत यायच्या. माझ्या दाराला उंबरा होता. मी म्हणायची, थांबा, उचलून आत घेते. त्या म्हणायच्या, "नको गं, इथं बरं आहे, ऊन आहे." मग मीच बाहेर बसायची, आम्ही तांदूळ निवडायचो. आमच्या ह्यांना मी सांगितलं, तो उंबरा तोडून टाका. ते म्हणाले, चांगल्या घराचा उंबरा कुणी तोडतं का? राहिला.

त्या पुढं फार वर्षं जगल्या नाहीत. मास्तर नंतर बहिणीकडे सांगलीला गेले आणि तिकडेच वारले असं कळलं. सांगलीला जाण्याआधी उशी परत दिली, अभ्रा धुऊन, घडी घालून. पण माझ्या डोक्यात जे बसलंय ते ह्यातलं काही नाही. ते वहिनी असतानाचं आहे, एका बाजाराच्या दिवसाचं.

पासलीची ती बाई आली होती. बरोबर पोरगी, आता चांगली तेरा-चौदा वर्षांची, परकर नेसलेली, हातात काठी. वहिनींसाठी आंबेमोहर तांदळाचं गाठोडं आणलं होतं. मास्तर स्टुलावर होते. पोरगी दारातून आत आली, पाय जरा ओढत पण टाच टेकवत, आणि मास्तरांची मान तिच्या पावलांबरोबर वळत गेली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मी वहिनींच्या खाटेशी बसून लसूण सोलत होते.

बाई वहिनींच्या पाया पडायला वाकली. पांघरुणाचा उंचवटा बघून तिनं ते जरा बाजूला केलं आणि तिचा हात तसाच राहिला.

"अगं आई! वैनीच्या गुडघ्याखाली उशी?" ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, ह्यी कुनी ठिवली?"

वहिनींनी डोळे मिटून घेतले. बाई मग माझ्याकडे बघायला लागली. "का वो बाई, तुमी तर हितंच असता न्हवं? तुमाला तर ठावं हाय समदं!"

मास्तरांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही. तोंडाकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि मला लख्ख कळलं. पालीच्या म्हाताऱ्याचा गुडघा नुसता चाचपून ज्यानं दिवाळीचे चार दिवससुद्धा सांगितले, त्याला आपल्या बायकोच्या गुडघ्यानं काही सांगितलं नसेल? त्या दिवशी पावसात, हात ठेवल्या ठेवल्या, त्यांना सगळं कळलं होतं. सात महिने, आठवड्याचे चार दिवस, गाडीपासून गाडीपर्यंत. मी तासभर म्हणाले आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

"बाईंना विचारू नका," मास्तर म्हणाले. "मी ठेवली."

"तुमी?"

"हो. मीच."

पासलीची बाई खाली बसली. मी लसणाची परडी खाली ठेवली, चहा टाकते म्हणाले आणि माझ्या घरात निघून आले. स्टोव्ह पेटेना. कसाबसा चहा केला, नेऊन दिला, आणि परत येऊन स्टोव्हपुढं बसले.

थोड्या वेळानं ती पोरगी कपबशा परत द्यायला आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कपबशा. माझ्या दाराशी थांबली, उंबरा बघितला, पाय उचलला, आणि तो ओलांडून आत आली.